अंगठा

आईनं जन्मभर अंगठाच दिला.
सोसायटीच्या वहीत, रेशनला,
आणि एकदा भावासाठी सोडलेल्या जमिनीवर.
निळं बोट लुगड्याला पुसत म्हणायची,
मालन, तू सही शीक.

शिकले. खाली रेघ ओढते, दोन टिंबं देते.

आता तासगावच्या सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो,
काकू, सही नको. अंगठा ठेवा.

ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
डाव्या हाताचा. काचेवर फुंकर मारून.
"सर्व्हर डाऊन असंल, दुपारच्याला या."

सर्व्हरचा काय दोष?
चौदा हंगाम बेदाण्याच्या शेडवर
काड्या मोडल्या या बोटांनी;
हिरवा अलग, पिवळा अलग, काळा पोत्यात.
डिपिंगचं तेल, गंधकाची धुरी,
रेषा गेल्या.
जाताना बोटांना नजर देऊन गेल्या:
अंधारात सांगते, कुठल्या दाण्यात ओल आहे.
हे त्या काचेला कोण सांगणार?

दुकान मात्र फोनवर सुरू झालंय.
शिकलगारांच्या तमन्नानं फोटो काढले,
पांढऱ्या चादरीवर, उन्हं उतरताना.
नाव काय द्यायचं, तर शेडवरच्या सगळ्या हसल्या,
"काडीमोड दे की! बेदाण्याचा बी झालाय, तुझा बी."
तेच दिलं.
पुण्यातली एक बाई नावालाच भुलली, दोन किलो मागवले.

फक्त खातं अजून त्याच्या नंबराला बांधलेलं.
पैसे काढायचे तर ओटीपी विट्याला जातो.
मी फोन लावते. तो चष्मा शोधतो.
एकेक आकडा सावकाश सांगतो, चार... नऊ... चार...
शेवटचा सांगण्याआधी थांबतो:
"किती आले गं?"
मी म्हणते, आले थोडे.

नंबर बदलायला अंगठा लागतो.
अंगठा लागत नाही.

आठव्या खेपेला पोरानं सांगलीहून
डोळ्यांचं मशीन आणवलं.
काकू, पापणी हलवू नका.
शेडवर मुकादम ओरडायचा
तेव्हा तरी कुठं हलवली होती?

हिरवा.

परवा रात्री पहिला ओटीपी माझ्या फोनवर आला.
ओट्याशी दुसरं कुणी नव्हतं.
तरी मोठ्यानं वाचला, एकेक आकडा,
त्याच्यासारखाच सावकाश.
शेवटच्या आधी थांबले.
माझ्याच तोंडून आलं, किती आले गं?

मग सांगितले. पैशांसकट.