हद्दीवरचा बर्फ

मी इतिवृत्त लिहिते.
एकोणीस हिवाळे झाले. मत मला नाही,
खुर्ची आहे, खिडकीला लागून,
आणि तिथून दिसतो थांबा क्रमांक चारशे सतरा.

थांब्याची काच परिवहन मंडळाची.
काचेखालचा फुटपाथ एल्डन शहराचा.
फुटपाथाची सहा इंच दगडी कड मात्र सेंट ओडाची,
कारण हद्द नेमकी तिथे वाकते,
कधीकाळी कुणाचा तरी गोठा वाचवायला वाकवलेली.
आणि रस्ता मिनेसोटा राज्याचा.
राज्याचा नांगर पहाटे चारला येतो,
रस्ता आरशासारखा करतो
आणि सगळा बर्फ थांब्यापुढे लोटून निघून जातो.
कमरेएवढा.

बर्फ कुणाचा?

हा विषय पटलावर पहिल्यांदा आला
तेव्हा माझ्या मुलीचे दुधाचे दात पडत होते.
एल्डनचे अभियंता टॉर्गरसन म्हणाले,
वरून पडतो तो आमचा. बाजूने येतो तो नाही.
सेंट ओडाच्या महापौरबाई म्हणाल्या,
सहा इंचांवरचा आम्ही आनंदाने उचलू.
(मी ‘आनंदाने’ लिहिलं.
पुढच्या सभेत ते दुरुस्ती सुचवून काढायला लावलं.)
राज्याच्या माणसाने नकाशा आणला होता.
नकाशात उन्हाळा होता.

पोटसमिती नेमली. तिने संयुक्त समिती मागितली.
संयुक्त समितीची कॉफी कुणाच्या खर्चाने,
यावरचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे, सात पानं.
हसू नका. माणसं वाईट नव्हती.
टॉर्गरसनांकडे फावडेवाले चार, फुटपाथ नव्वद मैल.
भीती सगळ्यांना एकच:
आज हात लावला
तर हा बर्फ जन्माचा गळ्यात पडेल.

तोवर खिडकीबाहेर होदान वारसामे,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून,
ढिगाऱ्याच्या माथ्यावर उभी असायची,
डबा छातीशी, तोंड बसच्या दिशेला.
ढिगाऱ्यात एक पायरी कोरलेली असे.
कुणी कोरली, कुठल्याच कागदावर नाही.

एकदा ती सभेला आली.
नागरिकाला तीन मिनिटं मिळतात.
तिने एक बूट काढला, टेबलावर ठेवला,
आणि दोन मिनिटं गप्प बसली.
बुटातलं पाणी हळूहळू विषयपत्रिकेखाली शिरलं.
मग म्हणाली,
‘हा कुणाचा ते सांगा. त्याला परत करते.’

कुणी उत्तर दिलं नाही. मी तेही लिहिलं.

करार व्हायला त्यानंतर चौदा महिने लागले.
अकरा पानं, चार सह्या, त्यातली एक चुकीच्या रेघेवर.
फावडी एल्डनची, मजुरीत वाटा सेंट ओडाचा,
मिठाची पोती मंडळाची,
आणि राज्याने मान्य केलं की
थांब्यापाशी बारा फूट
नांगराचं पातं उचलून धरू.

बारा फूट पातं उचलायचं.
एवढंच होतं ते.

पुढच्या वादळात मी मुद्दाम लवकर आले,
दिवा न लावता खिडकीशी उभी राहिले.
नांगर आला. पातं उचललं गेलं.
एल्डनचा पोरगा आला, पाचच मिनिटांत झाडून गेला.
सात वाजून बारा मिनिटांनी बस लागली
आणि ड्रायव्हर रॉस्को आल्मक्विस्ट
सीटखालून फावडं काढून खाली उतरला,
सवयीने.
कोरडा दगड पाहून तसाच थांबला,
जणू चुकीच्या घराची बेल वाजवली होती.

होदानची पाळी तोवर बदलली होती.
दुसरीच एक मुलगी, फोनमध्ये डोकं घालून,
न थबकता, खाली न बघता, चढून गेली.

रॉस्कोने फावडं परत सीटखाली सरकवलं.
बस तीन मिनिटं उशिरा सुटली.
कारणाच्या रकान्यात
मी काही लिहिलं नाही.