छाट

अम्मा रोज हजार विड्या वळून कारखान्यात नेते.
मुकादम कट्टे सोडतो, बोटांनी चाळतो,
शंभरेक बाजूला फेकतो.
याला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे मिळत नाहीत,
विड्याही परत मिळत नाहीत.

अंबादास भरतीत दोनदा छाटला गेला.
पहिल्या वर्षी छाती, फुगवून एक सेंटिमीटर कमी.
दुसऱ्या वर्षी सोळाशे मीटर,
शेवटच्या वळणावर बुटाची नाडी.
दोन्ही वेळा तो भिंतीकडे तोंड करून झोपला
आणि अम्मानं शेंगाच्या पोळ्या केल्या,
सण नसताना.
मी काही विचारलं नाही.
मीही दोन खाल्ल्या.

त्याला कुणी पाठवलं नव्हतं.
आमच्यात कुणी फौजेत गेलेलं नाही,
गेले ते मागावर, नाहीतर भिवंडीला.
मी विचारलं, का रे?
म्हणाला, अक्का, मला इथं बसवत नाही. एवढंच.
मी अकराव्या वर्षापासून बसलेय, मांडीवर सूप घेऊन.
हे त्याला म्हणाले नाही.

तिसऱ्या वर्षी दुपारी मोबाईल वाजला.
पानं ओल्या गोणपाटात होती.
संध्याकाळी नाना टॉवेलच्या कारखान्यातून आले,
केसांत सुताची पांढरी धूळ.
अंबादासनं सांगितलं. नाना म्हणाले, काय?
त्यानं परत सांगितलं. काय?
तिसऱ्यांदा इतक्या जोरात सांगितलं
की शेजारची नरसम्मा पेढे मागायला आली.
तीस वर्षं मागाच्या खडखडाटात नाना
ओठांवरूनच बोलणं ओळखतात.
त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

स्टेशनावर कुणी रडलं नाही.
नानांनी पेटीला दोन कुलपं लावली,
किल्ल्या देताना एक स्वतःकडं ठेवली, चुकून.

परतताना रिक्षात अम्मा म्हणाली,
रूपाभवानीला दोन नवस फेडायचेत.
कसले?
हा छाटला जाऊ दे म्हणून बोलले होते.
दोन्ही पावली.
आणि यंदा?
ती पिवळ्या पडलेल्या बोटांकडं बघत राहिली.
यंदा त्याचे पाय बघितले गं, म्हणाली,
टाचा फुटलेल्या.
तोंड उघडलं नाही.

आज पहाटे साडेचारला
घरकुलातलं ते तपकिरी कुत्रं दारात आलं,
कुंभारीच्या रस्त्यावर त्याच्यामागं धावायचं ते.
मी कडी काढली.
ते माझ्याकडं बघत उभं राहिलं.
चपला कुठं आहेत ते मला अंधारात सापडेना.