पाचवा पिवळा

आयतवारी खासबागचा बाजार उठता उठता
डगी अंकल आला कॅम्पातून, सायकल ढकलत,
कॅरिअरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात पेपर, पेपरात फडकं,
हातभर, कसर लागलेलं:
हिरवं, काळं, विटलेलं निळं, मधूनच पिवळं.
"गोदाक्का," म्हणाला, "हे आमचं कूळ."

कूळ म्हटल्यावर मी हात पुसले.
आमच्यात देवक असतं, मांडवाला डहाळी बांधतात.
"आमच्यातबी डहाळी हाय की. टोपीत खोचतात."
कसली?
"ते आजोबाला ठाऊक होतं."

त्याचा पणजोबा पलटणीबरोबर आला
आणि इथंच पुरला गेला.
डगी अंकल लांबात लांब गेला तो हुबळीला,
रेल्वेच्या वर्कशॉपात, तीस वर्षं.
लेक मात्र पर्थला. ऑस्ट्रेलियातलं.
"खरं पर्थ तिकडं स्कॉटलंडात," म्हणतो,
आणि जरा वेळ गप्प होतो,
पाटीवर गावाचं नाव बदललं
तेव्हा माझा सासरा झाला होता तसा.

नातीचं लग्न. तिला खांद्यावरून सोडायला
ह्याच नमुन्याचा पट्टा पाहिजे.
तिकडच्या दुकानांत मॅकेल्वींचे नमुने मिळतात,
पण हा नाही मिळत.

पॉवरलूमवर हे व्हायचं नव्हतं.
मागल्या सोप्यातल्या जुन्या मागावरून
मिरच्यांचं पोतं उतरवलं, रिकामा सिलिंडर हलवला.
सहा वर्षांनी खड्ड्यात पाय सोडले.

भिंग आणि टाचणी घेऊन मोजत बसले.
हिरवे चोवीस. काळे चार. निळे चोवीस. काळे चार.
ताण्यात जे, तेच बाण्यात, त्याच क्रमानं.
असलं कापड मी कधी विणलं नव्हतं,
उभं-आडवं एकच बोलणारं.
आमच्याकडं घरात मराठी, रेशनकार्डावर कन्नड,
मागाला शिव्या दोन्हीतून.

पिवळे चार असायला हवेत, असं अंकल म्हणाला होता,
लेकीनं पुस्तकात बघून कळवलेलं.
पाच निघाले.
परत मोजले. पाच.
मग किनार बघितली:
दोन जोड, एक सुटा, दोन जोड.

टाचणी खाली ठेवली.
ही किनार मला सासूनं शिकवली,
सासूला तिच्या सासऱ्यानं, बाळप्पांनी.
वडगावात दुसऱ्या कुणाच्या मागावर ती नाही.
बाळप्पांना सही येत नव्हती.
प्रत्येक लुगड्यात कुठंतरी
एक धागा जादा सोडायचे.

म्हणजे हे कूळ बोटीतून आलंच नव्हतं.
ह्याच खड्ड्यातून वर निघालं होतं.

आमचे हे म्हणाले, "बोलू नको. ॲडव्हान्स घेतलाय."
रात्रभर कूस बदलली.
पहाटे सेंटराकडून पाइपांचा आवाज आला,
चंदगडची, खानापूरची पोरं
गाल फुगवून वाजवायलेली असणार.

गुरुवारी सांगून टाकलं.
अंकलनं भिंग डोळ्याला लावलं,
ते किती वेळ काढलंच नाही.
"हौदा?" म्हणाला, कन्नडात.
मग, "आजोबा सांगायचा, मूळचं कसरीनं खाल्लं,
नवं करून घेतलं. कुठं, ते नाही बोलला."
चहा झाला. बिस्किट बुडवलं, ते कपात पडलं.
"चार घालू का पाच?" मी विचारलं.
तो चमच्यानं बिस्किट शोधत होता.
"लेकीला पुस्तकातलं पाहिजे," म्हणाला.
आणि दारातनं, सायकल हातात धरून,
"पाचच घाल."

पाच घातले.
माझाही एक घातला, काळ्यात काळा.

परवा फोटो आला पर्थहून.
वारा सुटलेला, पोरगी हसायलेली, पट्टा उडालेला.
मी दोन बोटांनी फोटो मोठा करत
पिवळ्यापर्यंत गेले.
तिथं नुसते चौकोन चौकोन झाले.

डबा न्यायला अंकल विसरला.
त्यात मी टाचण्या ठेवते.