आठवं कुलूप

पंप नंबर तीन. घाटकोपर, खाडीच्या अंगाला.
ओहोटी रात्री एक दहाची,
म्हणजे हातात चार तास, फार तर साडेचार.

ब्रेकर मी पाडला, व्हॉल्व्हला साखळी घातली,
बटण दाबून पाहिलं. पंप मेलेला.
मग सगळ्या किल्ल्या लाल पेटीत
आणि पेटीच्या कडीला ज्याचं त्याचं कुलूप:
घाडशी, केणी, इस्माईल तांबे,
परेराचं निळं, सोनटक्केचं गंजकं,
नव्या गायतोंडेबाईंचं अजून स्टिकरसकट,
आणि माझं.
कागदावर सात नावं. सात सह्या.

पावणेचारला सातही वर,
हातांना ग्रीस, अंगाला तो वास
जो साबणाला जुमानत नाही.
एकेक कुलूप निघत गेलं
आणि पेटी उघडेना.

कडीच्या शेवटच्या भोकात
पितळी, अंगठ्याएवढं,
ट्रंकेला लावतात तसलं एक.

साहेबांचा फोन: भरती लागलीय, टाकी भरतेय,
कागद पूर्ण आहे ना? मग कापा.
कटर भिंतीवरच होता.
कागद पूर्ण होता.
मी फोन टेबलावर ठेवला, चालूच.
तो बराच वेळ टेबलाशी बोलत राहिला.

अडतीस पायऱ्या. टॉर्च.
नाव ठाऊक नसलेल्या माणसाला
हाक कशी मारतात?
मी नुसतं ‘ओऽ’ म्हणालो.
पंपाच्या पोटातून ‘हो जी’ आलं.

कमरेपर्यंत आत होता,
जुन्या गॅसकेटचे तुकडे नखांनी खरवडत.
ठेकेदाराने संध्याकाळी आणून सोडलेला,
बिसेसर.
कुलूप लावायला कोणी सांगितलं?
कोणी नाही. सगळे लावत होते.

किल्ली करदोड्याला. ओल्या गाठीतून
सुटता सुटेना, तांब्यांनी दाताने सोडवली.
पेटी उघडली.
पंप धरला तेव्हा चार चाळीस झाले होते,
जमीन तळव्यांखाली गुरगुरली
आणि गायतोंडेबाई, का कोण जाणे, खाली बसल्या.

फॉर्मवर रेघा सातच छापलेल्या.
आठवं नाव मी समासात आडवं बसवलं,
अंगठा नको म्हणाला, सही केली, हिंदीत, सावकाश.

चहा आला. तो थांबेना.
कुर्ल्याला खोलीत नऊ जण राहतात,
पेटी उघडीच टाकून आलोय, म्हणाला.