इतर परिस्थिती कायम असताना

कलिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर, लॅबमध्ये,
विमान उतरताना काचा थरथरतात
आणि आम्ही सगळे वाक्य अर्धं सोडतो.
तेंडोलकर मॅडमही. बोट हवेत तसंच.
मग पुढे : "हा ठिपका कुठून आला?"

चारशे अकरा घरं रेषेला धरून,
हे एक वर, एकटं, क्रमांक एकशे सत्त्याऐंशी.
मिळकत महिना एकवीसशे, खर्च सात हजार.
"एंट्री चुकली असेल. नाहीतर काढून टाक."

एंट्री माझीच होती.
मानखुर्द, नाल्यामागची गल्ली,
यमुनाबाई गायसमुद्रे (नाव मी बदललंय),
समोर लसणाचं पोतं.
किलोमागे किती, ते तिने बोटांवर सांगितलं.
बोटांची कातडी जागोजाग सोललेली.
'रोजचे तास' या रकान्यावर मी पेन धरून बसले.
"घड्याळ बघून कोण सोलतं, पोरी?
पोतं संपलं की दिवस संपला."
रकान्यात पोतं लिहिता येत नाही.
मी आठ लिहिलं.

पुस्तकात चल म्हणजे बदलणारी राशी.
त्या गल्लीत चल म्हणजे ऊठ,
टेम्पो आलाय, माल उतरवून घे.
पुस्तकात गृहीत धरणं ही पहिली पायरी.
तिला धरून झालं होतं आधीच.
नवऱ्याने, टेम्पोवाल्याने,
आणि मी, आठ लिहून.

दुसऱ्या फेरीला माझ्याकडे टॅब होता.
तिने चहा दिला, टॅबकडे बघितलंही नाही.
"मागच्या खेपेला तू सरकारची वाटलीस,
म्हणून हातचा राखून सांगितलं."
अकरा बायकांची भिशी.
लेकीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता त्यातून जातो.
हप्ता तेव्हा बोलून गेली होती,
पैसा कुठून आला ते गिळलं होतं.
"हे लिहू नको हं. ह्यांना माहीत नाही."

लिहिलं नाही.

आता पडद्यावर तोच ठिपका,
मॅडम म्हणतात, कारण दे किंवा वगळ.
कारण माझ्याकडे आहे.
प्रबंधात एक ओळ ठरलेली असते :
इतर परिस्थिती कायम असताना.
टाईप करते. खोडते. पुन्हा करते.
कीबोर्डला लसणाचा वास येतोय,
की माझ्याच बोटांना, सात महिने झाले तरी.

वरून विमान.
सगळे थांबलेत, तोंडं अर्धी उघडी.
रेषासुद्धा पडद्यावर थरथरतेय थोडी.