सहाला एक मिनिट कमी

अर्ज दिला ती ऑक्टोबरची नऊ तारीख.
सूर्यास्त सहा एकोणीस.
लोकांना पगाराचा दिवस पाठ असतो,
मला हे.

महाप्याला आमची कंपनी पंपांचे व्हॉल्व्ह बनवते,
मी त्यांची बिलं.
उजेडात दोन पैशांची चूक माझ्या हातून निसटत नाही.
अंधारलं की मात्र
डोळे शटर ओढून घेतात,
मागचं दारही नाही.
लहानपणी आईनं शेवग्याचा पाला खाऊ घातला, ढीगभर.
पुढे डॉक्टर म्हणाले,
पाल्याचं काम नाही हे.

मागणी एवढीच होती:
दहा ते साडेसहाऐवजी
पावणेनऊ ते सव्वापाच,
नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
काम तेवढंच, तास तेवढेच,
फक्त उजेडाकडे थोडे सरकवलेले.
सोबत दाखला,
आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चार पानांची झेरॉक्स,
सूर्यास्ताच्या रकान्याखाली रेघा मारून.

बिडवे साहेबांनी दाखला उलटून पाहिला.
मागची कोरी बाजू जरा जास्तच वेळ.
"पण तुम्हाला दिसतं ना? आत्ता मी दिसतोय ना?"
दिसत होते.
टायची गाठ, गाठीखाली आमटीचा डाग.
म्हणाले, पुढे पाठवतो.

पुढे म्हणजे पुण्याला.
पुण्याहून नोव्हेंबरात विचारणा आली: टक्के किती?
ठाण्याला सिव्हिलमध्ये दोन खेपा घातल्या, टक्के आणले.
मग विचारणा आली:
एकीला दिलं तर उद्या सगळेच मागतील, त्याचं काय?
सगळे म्हणजे कोण, ते लिहिलं नव्हतं.

पंचवीस नोव्हेंबर.
सहाला एक मिनिट कमी.
गेटपासून स्टॉपपर्यंत माझी दोनशे अकरा पावलं,
तोंडातल्या तोंडात मोजत जाते.
एकशे चाळिसाव्या पावलाला गटाराचं झाकण.
त्या संध्याकाळी नव्हतं.

नडगीला सात टाके. अकरा दिवस घरी,
त्यातले सहा बिनपगारी.

परतले त्या दिवशी गेटवर हिराजी घरत होते.
काहीच विचारलं नाही.
साडेसहाला रजिस्टर मिटलं, टॉर्च उचलला,
"चला ताई."
पुढे नाही, मागे नाही,
शेजारून, कोपर जरासं बाहेर काढून.
कुणी शिकवलं म्हटलं, तर म्हणाले,
आमचा आजा असाच होता.
राती खाडीवर त्याला मीच नेत होतो.

बरं वाटायचं.
आणि रोज रात्री घरी, भाजी चिरताना,
थोडं वाईटही.
कोपर शेवटी माणसाचं.
त्याला साप्ताहिक सुट्टी असते, ताप येतो,
त्याची ड्यूटी बदलते.
जानेवारीत एजन्सीनं हिराजींना रबाळ्याला पाठवलं.
नवा पोरगा भला होता,
पण दंड धरून मला ओढत न्यायचा,
चुकलेलं वासरू न्यावं तसा.
मी त्याला कोपर शिकवलं.
एकवीस दिवसांनी तोही गेला.

मंजुरी आली बारा मार्चला.
सूर्यास्त सहा शेहेचाळीस.
"आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून
नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कालावधीकरिता
वेळेत बदल मंजूर करण्यात येत आहे,
चालू आर्थिक वर्षापुरता."
चालू वर्षाचे एकोणीस दिवस उरले होते.
बिडवे साहेब म्हणाले, पेढे कुठायत?

साडेसहाला बाहेर पडले.
रस्ता अजून लख्ख,
स्टॉपवरच्या बाईच्या पिशवीतली मेथी दिसत होती.
एकशे चाळिसाव्या पावलाला नवं झाकण,
भोवती ओलं सिमेंट,
त्यात कुत्र्याचा पाय उमटलेला.

एक एप्रिलला पुन्हा अर्ज टाकला.
तोच मजकूर, नव्या पानांची झेरॉक्स.
साहेब म्हणाले, अहो, थट्टा करताय का?
नोव्हेंबरला अजून सात महिने आहेत.

म्हटलं, हो ना.
तुमच्या चालीनं
जेमतेम पुरतील.