तिसावी थाप

अडतीस म्हटलं की सोलापुरात माणूस पंख्याकडे बघतो.
इरण्णा म्हणाला, वर अडतीस म्हणजे उतार.
तिशीच्या खाली बर्फ बसून राहतो,
पन्नाशीच्या वर साठतच नाही,
मधलं सगळं वाईट, अक्का.
मी म्हटलं, मग आपलं गाव मार्चपासून त्या मधल्यातच की.
तो हसला नाही.

मे महिना. एमआयडीसीत पत्र्याखालचं गोदाम,
आणि माझा भाऊ तीन वर्षांनी पहिल्यांदा
बर्फाबद्दल बोलत होता.

चादरींची थप्पी छातीपर्यंत.
कडेला बोट लावून तो वरून खाली वाचत गेला:
ही परवाची, वाऱ्यानं आणून टाकलेली. कडक. हिच्यावर पाय वाजतो.
ही त्याआधीची, मऊ.
ही उन्हात पाघळून परत गोठलेली.
आणि ही...
ती चादर थप्पीत नव्हती.

चहाच्या कोपऱ्यातला डबा उघडून
त्यानं मूठभर साखर आणली,
खालून चौथ्या चादरीवर पसरली.
बिराजदार मुकादम ओरडला, मुंग्या लागतील मालाला!
इरण्णाला ऐकूच गेलं नाही.

नोव्हेंबरात पातळ बर्फ पडतो.
मग आठवडाभर निरभ्र रात्री.
खाली जमीन ऊबदार, वर उणे वीस,
मधून वाफ चढत राहते आणि कण
एकमेकांचा हात सोडतात.
मुठीत दाबून बघ.
मी दाबली. साखर बोटांतून निघून गेली.
वरून दिसत नाही का रे हे?
वरून सुरेख दिसतं.

थप्पीवर त्यानं खोऱ्याऐवजी हजेरीची वही ठेवली.
दहा थापा मनगटातून.
दहा कोपरातून.
दहा खांद्यातून.
शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते,
त्यांच्या ठेक्यात त्याची मोजणी चुकत होती,
तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.
तिसावी थाप पडली. वहीचा पुठ्ठा वाकला.
थप्पी जागची हलली नाही.

मला बरं वाटलं. म्हटलं, टिकली की रे!
तो म्हणाला, त्या दिवशीही टिकली होती.
मी स्वतः खड्डा खणला, स्वतः थापा मारल्या,
स्वतः म्हणालो, चला.
एकेकानं जायचं. मी आधी गेलो.
माझ्या मागे रौतेला.
माझ्या खड्ड्यापासून चाळीस पावलांवर
तोच बर्फ वेगळा होता.

अशोक चौकातून आमच्या घरी चालत यायला
पंधरा मिनिटं लागतात.
तेवढ्यात माणूस बाहेर काढायचा असतो.
मधे पानाच्या टपरीवर थांबायचं नाही,
कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.
त्यांना बावीस लागली.

हे त्यानं चादरींना सांगितलं, मला नाही.
मी एक घडी उलगडून पुन्हा घातली.
काय बोलणार होते? थंडी मला
पाहुण्यासारखी माहीत, दोन महिने येते आणि जाते.

तेवढ्यात बाहेर हमालानं ट्रकमधून गठ्ठा टाकला.
हुप्प. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा आवाज.
इरण्णा गोठला.
डोळे फरशीवरून सरकत गेले,
दारापर्यंत, भिंतीपर्यंत,
भेग कुठवर धावली ते बघत.
कोबा जुनाच होता, त्यात भेगा होत्याच.
त्यानं मला मागच्या मागे हातानं थोपवलं
आणि हळू आवाजात म्हणाला,
थांब, आधी मला पलीकडे जाऊ दे.

मी थांबले.
गोदाम तीस फुटांचं. तो एकटा पार गेला,
दारात पोचून वळला,
आणि मग फक्त बोटानं म्हणाला, ये.

संध्याकाळी ऑर्डर लातूरला गेली.
साखर झटकली होती आम्ही, पण सगळी कुठली निघते.
तिकडे कुणी रात्री चादर पांघरेल,
मानेला काहीतरी टोचेल,
अंधारातच झटकून टाकेल
आणि कूस बदलून झोपेल.